आधी पाणी, मग फुलं

ठाण्यातल्या कोलशेतच्या सेंट्रल पार्कात रविवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. मुघल, जपानी, चिनी, मोरोक्कन अशा चार धाटणीच्या बागा एका तिकिटात, शिवाय पोरांना खेळायला जागा, म्हटल्यावर गर्दी होणारच. या हौसेला नावं ठेवायचं कारण नाही. उलट जुन्या, अस्सल बागा बघायला निघण्याआधी सराव म्हणून अशी नवी बाग चांगली. तिथे एकच गोष्ट शोधायची : पाणी येतं कुठून, जातं कुठे आणि वाहतं कशाच्या जोरावर. आजकालच्या कुठल्याही बागेत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं, विजेचा पंप. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी ते उत्तर दर बागेत वेगळं होतं, आणि त्या उत्तरावरच सगळी बाग बेतलेली असायची. कट्टे कुठे, पायऱ्या किती, बसायची जागा कुठली, सावली कुणाची, सगळं पाण्याच्या मागून यायचं. फुलं सर्वांत शेवटी.

सहलीवाले मात्र नेमकं उलटं करतात. बस फाटकाशी थांबते, पाऊण तास मिळतो, त्यातली वीस मिनिटं ताटव्यासमोर फोटो काढण्यात जातात. म्हणून पुढे जे सांगतो आहे ते बसबरोबर जाणाऱ्यांनाही जमेल असंच आहे, फक्त क्रम थोडा बदलायचा.

ठाण्याहून सुरुवात करायला सोयीचं ठिकाण म्हणजे छत्रपती संभाजीनगर. जनशताब्दी ठाण्याला थांबते, एका मुक्कामात काम होतं. पण तिथे उतरल्यावर आधी बीबी का मकबऱ्याकडे धावू नये, पाणचक्की बघावी. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरातलं पाणी काही किलोमीटरवरून मातीच्या खापरी नळांतून इथे आणलेलं आहे. नळ चुन्याच्या बांधकामात बसवलेले, जमिनीखालून. वाटेत उतार एकसारखा ठेवायचा, कारण मधे कुठे उंचवटा आला की त्या जागी हवा अडकते आणि पाणी तुटतं. म्हणून अशा जुन्या नळयोजनांत ठिकठिकाणी हवा निघायला आणि गाळ काढायला उभ्या जागा ठेवलेल्या असतात. पुण्यात कात्रजहून शनिवारवाड्याला आलेल्या पाण्याच्या वाटेवर अशा जागांना उच्छ्वास म्हणतात. पाणचक्कीला पाणी शेवटी एका उंच भिंतीत वर चढतं आणि वरून हौदात कोसळतं. मोटार नाही, काही नाही. उगम उंचावर असल्यामुळे बंद नळातलं पाणी आपल्या मूळ पातळीकडे झेपावतं, एवढंच. त्या मोठ्या हौदाच्या खाली दालन आहे, म्हणजे हौदाचा तळ हेच दालनाचं छप्पर. उन्हाळ्यात आत शिरलात की वातानुकूलन म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

हे डोक्यात ठेवून मग मकबऱ्यात जावं. औरंगजेबाची बेगम दिलरस बानो हिची ही कबर, मुलगा आजमशाह याच्या नावे 1660 च्या सुमारास उभी राहिली. तटाच्या आतलं आवार सुमारे 458 मीटर लांब आणि 275 मीटर रुंद आहे. मधोमध इमारत आणि तिच्यापासून चारी दिशांना निघालेले पाट. यालाच चारबाग म्हणायचं. दख्खनचा ताज, दख्खनचा ताज असं सगळे म्हणत असतात, पण बागेच्या हिशोबाने ही बाग ताजपेक्षा दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्याची जवळची नातेवाईक. ताजमध्ये कबर बागेच्या मध्यावर नाही, पार टोकाला, यमुनेच्या काठावर आहे. इथे ती मध्यावर आहे.

चारबागेत उभं राहिल्यावर पायवाट आणि शेजारचा वाफा यांच्या उंचीतला फरक बघायचा. जुन्या बागांत वाट उंच आणि वाफा खाली असायचा. त्याला कारणं दोन. पाटाचं पाणी फोडलं की ते आपोआप वाफ्यात उतरायला हवं. दुसरं असं की खालच्या वाफ्यात डाळिंब, संत्री, लिंबू अशी फळझाडं लावली की वाटेवरून चालणाऱ्याच्या हाताशी त्यांचा शेंडा आणि नाकाशी मोहर यायचा. आज बहुतेक ठिकाणी वाफे भरून सपाट हिरवळ केलेली दिसते. ती मुघल नाही, इंग्रजी आवड आहे. ताजच्या आवारातली दाट झाडी विरळ होऊन हिरवळ आली तीही इंग्रजांच्याच काळात. फोटोला बरी दिसते, दुपारी मात्र सावलीला जागा मिळत नाही.

आग्र्याला गेलात तर ताजमधल्या मधल्या पाटातल्या कारंज्यांसाठी पाच मिनिटं राखून ठेवा. (शुक्रवारी ताज बंद असतो, तिकिटं काढताना हा वार अनेकांच्या लक्षात राहत नाही.) बाग जवळपास 300 मीटर चौरस आहे आणि नदी तिच्यापेक्षा खाली. म्हणजे काश्मीरसारखा उतार नाही, पाणी वर चढवणं भाग. ते चढवलं मोटेने. बैल, नाडा आणि चामड्याची मोट, आपल्याकडे विहिरीवर असायची तीच. पाणी उंच टाक्यांत साठवायचं आणि तिथून नळाने बागेत सोडायचं. अडचण पुढे येते. एकाच नळावर ओळीने कारंजी असली की पहिलं उंच उडतं आणि शेवटचं नुसतं थुंकतं, कारण पुढे जाईल तसा दाब पडत जातो. त्यावर कारागिरांनी काढलेला तोडगा असा : प्रत्येक कारंज्याच्या बुडाशी तांब्याचं एक भांडं बसवलं. नळाचं पाणी आधी ही भांडी भरतं, आणि मग सगळी कारंजी एकदम, एकसारख्या उंचीला उडतात. भांडी जमिनीखाली असल्याने दिसत नाहीत, आणि न दिसणारी गोष्ट वाटाडे सहसा सांगतही नाहीत.

काश्मीरमध्ये हा सगळा खटाटोप लागत नाही. डोंगर पाठीशी, सरोवर पायाशी, आणि मधल्या उतारावरून झऱ्याचं पाणी स्वतःहून खाली यायला तयार. म्हणून मुघल बाग खरी खुलली ती तिथे. सहा बागा मुख्य : शालिमार, निशात, चश्मेशाही, परीमहल, अच्छाबल आणि वेरीनाग. टूरमध्ये पहिल्या तीन-चार असतात. वेरीनागला झेलमच्या उगमावर जहांगीरने बांधलेलं अष्टकोनी कुंड आहे. त्यातलं पाणी इतकं निवांत आणि निळं असतं की हीच पुढे नदी होते यावर विश्वास बसत नाही. पहलगामला जाणाऱ्या मंडळींनी थोडी वाट वाकडी करून अच्छाबल आणि वेरीनाग जरूर करावं, तिथे पाण्याचा जोर बघायला मिळतो.

शालिमार 1619 मध्ये जहांगीरने सुरू केली, निशात 1633 ची, नूरजहाँचा भाऊ असफखान याची. दोन्ही दल सरोवराच्या पूर्व काठाला, एकमेकींपासून जवळ, आणि तरी स्वभावाने पार वेगळ्या. शालिमार ही बादशहाची, म्हणून तिची मांडणी राजवाड्यासारखी : आधी आम लोकांचा भाग, मग खास लोकांचा, मग जनाना. चढ सौम्य आहे, पाट लांब आणि संथ. दिवाण-ए-आममध्ये पाटावरच काळ्या दगडाचं आसन आहे, खालून पाणी वाहतं. सरोवरापासून बाग जरा आत आहे. पूर्वी दलमधून एका कालव्याने होडीतून तिथे यायचे, आता रस्त्याने फाटकाशी उतरतात आणि मग बाग एकदम समोर येते.

निशातमध्ये दरबार भरवायचा नव्हता. असफखान कितीही मोठा असला तरी बादशहा नव्हे. त्यामुळे तिथे नुसती मौज, आणि वर जनान्याचा टप्पा. बारा राशींचे बारा टप्पे, डोंगराच्या अंगावरून एकाखाली एक. शेवटच्या टप्प्याची भिंत माणसाच्या तिप्पट उंच आहे, त्यामुळे खालून वरचं काही दिसत नाही, तशीच योजना. दोन्ही बागांचं पाणी वरून एकाच ओघातून यायचं आणि सासऱ्याची बाग जास्त देखणी झाल्याचा राग येऊन शाहजहाँने निशातचं पाणी तोडायला लावलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो-नसो, पाणी तोडलं की अशा बागेत फक्त दगडी जिने उरतात, हे मात्र पटतं. (असफखान शाहजहाँचा सासरा, मुमताजचा बाप. मेहुणा तो जहांगीरचा. वाटाडे इथे हमखास नाती फिरवतात.)

निशातमध्ये करायचं ते असं. फाटकातून आत गेल्यावर ताटव्यांकडे वळू नका, मधल्या पाटाच्या कडेने सरळ वर चढत राहा. दोन टप्प्यांच्या मधे पाणी ज्या उतरत्या दगडी फळीवरून येतं तिला चादर म्हणतात. तिच्याशी ओणवं होऊन बघा. दगड गुळगुळीत नाही. त्यावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी खोदलेली असते. गुळगुळीत दगडावरून पाण्याचा पातळ थर काचेसारखा आवाज न करता घसरला असता. खवल्यांवर तो ठेचकाळतो, फेसाळतो, पांढरा होतो, खळखळ करतो. पाणी थोडं असलं तरी भरपूर भासतं. उन्हाकडे झुकलेली फळी असल्यामुळे ते चमकतंही. काही चादरींच्या माथ्यावर, बरोबर पाटावर, दगडी बैठक टाकलेली आहे. तिच्यावर बसलं की खालून गारवा येतो आणि खळखळाट अंगाखालून ऐकू येतो. शालिमारमध्ये याची पुढची पायरी दिसते : धबधब्यामागच्या भिंतीत ओळीने कोनाडे. त्यांना चिनीखाना म्हणतात. दिवसा त्यांत फुलं ठेवायची, रात्री दिवे, आणि ते पडणाऱ्या पाण्याच्या पडद्याआडून बघायचे.

या दगडांचं बिघडतं ते गाळाने आणि डागडुजीने. खोदलेल्या खवल्यांत गाळ आणि शेवाळ बसलं की फळी पुन्हा गुळगुळीत होते, आवाज मरतो. कुणी फुटलेल्या जागी सिमेंट थापलं की तेवढ्या पट्ट्यात पाणी काळं दिसतं. चादर चांगली राखली आहे की नाही हे डोळे मिटूनसुद्धा कळतं.

निशातचा उतार पश्चिमेकडे, सरोवराकडे आहे. सकाळी सूर्य झबरवान डोंगरामागे असतो, बाग उशिरापर्यंत सावलीत राहते. म्हणून सकाळी शालिमार आणि दुपारी चारनंतर निशात हा क्रम सोयीचा. वरच्या टप्प्यावर पोचलात की मगच मागे वळायचं. बाग, दल आणि पलीकडे हरिपर्वताचा किल्ला एका रेषेत येतात. मधून जाणारी गाड्यांची सडक तेवढी नजरेआड करावी लागते. मुळात बाग थेट पाण्याला टेकायची, रस्त्याने तिचा खालचा भाग कापला. शिकाऱ्यातून बघितलं तर बागेचा मूळ चेहरा थोडाफार समजतो, तेव्हा शिकाऱ्याच्या तासाभरात नावाड्याला निशातसमोरून न्यायला सांगावं. पाण्याचा जोर बघायचा तर बर्फ वितळण्याचे दिवस, एप्रिल ते जून. चिनारची लाली बघायची तर ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबरची सुरुवात. दोन्ही एका खेपेत मिळत नाही.

इथून पुढचा सगळा मामला तारखांचा. पाण्याचं काम दगडात आहे, ते जागेवर राहतं. फूल नाही राहत.

त्यासाठी लांब जायलाही नको. भायखळ्याला उतरून पूर्वेला चालत गेलं की राणीची बाग. 1862 मध्ये खुली झालेली, आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. बुधवारी बंद. पोरांना घेऊन येणारे पेंग्विनच्या रांगेत उभे राहतात आणि ज्यासाठी ही बाग मुळात केली ती झाडं वाटेतच राहून जातात. तीन हजारांवर झाडं आहेत. त्यांतलं एक शोधायचंच : उर्वशी. ब्रह्मदेशातलं झाड, फार उंच होत नाही. हिवाळ्याच्या उत्तरार्धात त्याला शेंदरी फुलांचे लांब झुंबर लोंबायला लागतात, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. फुलं नसतील तर नवी पालवी बघा. तांबूस पानं ओल्या रुमालासारखी गळून लोंबत असतात. झाड सुकलंय असं वाटतं, पण तसं नसतं. पानाला हिरवेपणा आणि ताठपणा नंतर येतो. नर्सरीत हे झाड सहजी मिळत नाही, कारण बी क्वचित धरतं, गुटी बांधून, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून, रोपं करावी लागतात. जवळपास गोरखचिंचेचे जाडजूड बुंधे आहेत. तिचं फूल पावसाळ्याच्या तोंडाला संध्याकाळी उमलतं, वटवाघळं येऊन जातात, आणि दुसऱ्या दिवशी फाटक उघडेपर्यंत ते तपकिरी पडून खाली गळालेलं असतं. बागेच्या वेळेत ते ताजं बघायला मिळणं कठीण. कैलासपतीची फुलं मात्र थेट खोडावर येतात, मान वर करावी लागत नाही. फक्त फळं धरली असतील तर त्या झाडाखाली रेंगाळू नये. तोफगोळ्याएवढं फळ पडताना आवाज देत नाही.

दिल्लीचं अमृत उद्यान (इंग्रज वास्तुकार लट्येन्सने आखलेलं, 1928-29 ची लागवड) फेब्रुवारी-मार्चमध्ये लोकांसाठी उघडतं, सोमवारी बंद, नोंदणी ऑनलाइन करून ठेवावी. बंगळूरच्या लालबागेत, म्हणजे हैदर अलीने 1760 मध्ये सुरू केलेल्या बागेत, 26 जानेवारी आणि 15 ऑगस्ट असे दोन्ही वेळेला काचघरात पुष्पप्रदर्शन भरतं. ऑगस्टमध्ये त्यांना जमतं कारण शहर समुद्रसपाटीपासून 900 मीटरवर आहे. आपल्याकडे ऑगस्टमध्ये पेटुनिया लावून बघा, आठवड्यात बुडाशी कुजतो.

श्रीनगरच्या ट्युलिप बागेबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण ठाण्या-डोंबिवलीचे निम्मे लोक तिथे चुकीच्या आठवड्यात पोचतात. 2007 मध्ये खुली झालेली, सुमारे 74 एकर, झबरवानच्या पायथ्याशी. कंद ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जमिनीत जातात, हिवाळाभर थंडी खातात, मार्चअखेर वर येतात. बाग उघडण्याची तारीख दरवर्षी हवा बघून ठरते आणि बहर जेमतेम तीन-चार आठवडे टिकतो. लवकरच्या, मधल्या आणि उशिराच्या जाती मुद्दाम मिसळून लावतात, म्हणजे एक पट्टा उतरला की दुसरा चढतो. पहिल्याच दिवशी गेलात तर अर्धे ताटवे कळीत असतात. शेवटच्या आठवड्यात गेलात तर पाकळ्या गळलेले दांडे. मधले दहा-बारा दिवस खरे. त्यातही ऊन तापलं तर बहर झरकन उतरतो. सकाळी सात वाजता रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही. ट्युलिप थंडीत मिटतो, ऊन पडल्यावर उघडतो, त्यामुळे दहानंतर जावं. तिथून कंद आणून बाल्कनीत लावायचा विचार मनात आला तर तो तिथेच सोडून द्यावा. कंदाला बारा-चौदा आठवडे कडक थंडी मिळाली नाही तर दांडा लांबत नाही, पानांच्या बेचक्यात आखूड फूल येतं किंवा येतच नाही. बाजारात फ्रिजमधले तयार कंद मिळतात ते एकदा फुलतात, पुन्हा नाही.

ठाणे महापालिकेचं झाडं-फुलं-फळं-भाज्यांचं प्रदर्शन, नवी मुंबईतलं, राणीच्या बागेतलं, पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं, ही सगळी जानेवारी-फेब्रुवारीच्या आसपास का, तर आपली थंडी तेवढीच. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात पेरलेलं पेटुनिया, साल्व्हिया, डायांथस त्या सुमारास भरात येतं. गुलाबाचं गणित उलट्या बाजूने मांडतात. छाटणीपासून फुलापर्यंत सहा ते आठ आठवडे, म्हणजे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात फूल मांडायचं तर डिसेंबरच्या सुरुवातीला कात्री चालवायची. वर्ष थंड असेल तर फूल मागे पडतं, उबदार असेल तर प्रदर्शनाच्या आठ दिवस आधीच उमलून जातं. म्हणून जाणते एकाच तारखेला सगळी झाडं छाटत नाहीत, तीन-चार दिवसांच्या अंतराने छाटतात.

परीक्षक गुलाब कसा बघतात ते एकदा कळलं की प्रदर्शन वेगळंच दिसायला लागतं. फूल अर्ध्याहून थोडं जास्त उमललेलं हवं, मधला शेंडा उंच आणि मिटलेला, भोवतीच्या पाकळ्या सगळ्या बाजूंनी सारख्या. पूर्ण फुललेलं मोठं फूल घरी कौतुकाचं, स्पर्धेत बाद. देठ सरळ, पानं फुलाला शोभेल एवढी आणि निरोगी, एका पानावर काळा डाग असला तरी गुण गेले. आदल्या संध्याकाळी किंवा पहाटे तिरकं कापून फुलं मानेपर्यंत पाण्यात बुडवून अंधाऱ्या गार खोलीत काही तास ठेवतात. तसं न करता थेट आणलेलं फूल दुपारी बाराला मान टाकतं. डेलियात एका फांदीवर एकच कळी राखून बाजूच्या खुडतात, तेव्हा ते ताटलीएवढं होतं.

मांडवात बिघडायला निमित्तं पुष्कळ. कापडाखाली उजेड कमी आणि दुपारी उकाडा. कुंड्यांना पहाटे पाणी मिळालं नाही तर साल्व्हिया तिसऱ्या प्रहरी झुकलेला. आणि एक गोष्ट मांडणी करणाऱ्यांच्याही ध्यानात येत नाही : फळांचं दालन फुलांच्या शेजारी ठेवणं. पिकणारी केळी, पपया इथिलीन वायू सोडतात, त्याने कार्नेशन उमलायचं थांबून मिटतं आणि ऑर्किडची फुलं वेळेआधी गळतात. पहिल्या दिवशी निकाल लागल्याबरोबर गेलात तर खरं प्रदर्शन दिसेल, रविवारी संध्याकाळी दिसते ती उरलेली पंगत.

बाहेरच्या स्टॉलवर रोप घेताना फुलांनी लगडलेलं उचलू नका, कळ्या असलेलं घ्या. गुलाब असेल तर डोळा बांधलेली, म्हणजे कलमाची, गाठ बघा, गाठीच्या खालून फुटलेला धुमारा रानगुलाबाचा असतो, तो वाढू दिला तर दोन वर्षांत वरचा गुलाब गडप. लाल चिकणमातीचा गोळा वाळला की दगड होतो आणि घातलेलं पाणी कडेने निघून जातं, तेव्हा घरी आणल्यावर कुंडीसकट बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचं आणि आठ दिवस सावलीत राहू द्यायचं, लगेच कुंडी बदलायची नाही. शेवंतीची जागा जरा विचार करून ठरवावी. तिला कळी धरायला लांब, अखंड अंधार लागतो, आणि हिरानंदानी असो की वाशी, आपल्या बाल्कन्यांवर रस्त्याचा नाहीतर सोसायटीचा दिवा रात्रभर असतोच. तसल्या उजेडात शेवंती नुसती पानं काढत बसते. स्वयंपाकघराच्या मागच्या ग्रिलमध्ये, जिथे आपल्यालाच रात्री काही दिसत नाही, तिथे ती व्यवस्थित फुलते.